दातांच्या जुन्या जाहिरातींची ओरिजिनल पानं मागवली, त्याचा रिव्ह्यू

ऑनलाइन एका विक्रेत्याकडून जुन्या अमेरिकन मासिकांतल्या टूथपेस्ट-माउथवॉशच्या जाहिरातींची ओरिजिनल पानं मागवली, १९२० ते १९६० मधली मिक्स, आणि माल खरंच भारी आहे. लोक फ्रेम करून भिंतीवर लावतात पण मी म्हणेन आधी बसून वाचा, चित्रापेक्षा मजकूर जबरदस्त आहे.

सगळ्यात आवडलं ते पेप्सोडेंटचं पान. ही कॅम्पेन क्लॉड हॉपकिन्स नावाच्या कॉपीरायटरची, दातांवरून जीभ फिरवून बघा, थर लागतोय ना, तोच दातांची चमक घालवतो असं सांगायचं आणि खाली कोपऱ्यात कुपन, ते भरून पाठवलं की १० दिवसांची ट्यूब फुकट. माझ्या पानावर कुपन जसंच्या तसं आहे, तुटक रेषा, नाव-पत्त्याच्या रिकाम्या ओळी, सगळं. असं कुपनवालं पान घेताना तो कोपरा कापलेला नाही ना ते आधी बघा. तसा थर सगळ्यांच्याच दातांवर येतो आणि कुठल्याही पेस्टने नीट ब्रश केलं तरी निघतो, पण वाचताना जीभ आपोआप दातांवर जातेच, काय लिहिलंय राव!

लिस्टरीन माउथवॉशचं वाचून मात्र राग आला. १८७९ ला ऑपरेशनसाठी जंतुनाशक म्हणून आलेलं औषध, आणि १९२० च्या दशकात तेच कसं विकलं तर तुझ्या तोंडाला वास येतो म्हणून लग्न जमत नाही आणि जवळची मैत्रीणसुद्धा तुला हे सांगणार नाही. किती पोरींनी हे वाचून धास्ती घेतली असेल.

इपाना टूथपेस्टचं पान ब्रशवरच्या गुलाबी डागाची भीती घालतं, पण हिरड्यांतून रक्त येणं ही निदान खरी तक्रार आहे. आणि क्रेस्ट टूथपेस्टचं, चित्रकार नॉर्मन रॉकवेलने काढलेलं हसरं पोरगं, "बघ आई, एकही दात किडला नाही!" ह्या सगळ्यांत ट्यूबमध्ये खरंच काही होतं ते इथे, फ्लोराइड, आणि १९६० मध्ये अमेरिकन डेंटल असोसिएशननेही ते मान्य केलं.

ओरिजिनल आहे का ते ओळखायला पान उलटं करा, मागे अर्धवट गोष्ट किंवा दुसरी जाहिरात हवी, कोरं असेल तर शंका घ्या. भिंगातून रंगाचे ठिपके ओळीत बसलेले दिसतात. जुना कागद पिवळा पडून कडेला ठिसूळ होतो त्यामुळे ॲसिड-फ्री स्लीव्हमध्ये ठेवा, उन्हात तर नकोच.

तक्रार एकच, क्रेस्टचं पान कडेला इतकं आत कापलंय की मजकुराच्या शेवटच्या ओळींची अक्षरं गेलीत आणि लिस्टिंगमधल्या फोटोत ते कळतच नव्हतं. ऑर्डर करण्याआधी चारही कडांचा आणि मागच्या बाजूचा फोटो मागून घ्या.