दहा इंची गिरमिट, सात महिने आणि एक पिन

गेल्या आठवड्यात आमच्या बर्फाला भोक पाडायच्या गिरमिटाचं खालचं पातं समुद्रार्पण झालं, म्हणून लिहायला बसलोय. पेट्रोल इंजिन, दहा इंची पातं, मीटरभराची जोडनळी.

अंटार्क्टिकात भारताच्या भारती संशोधन केंद्रासमोर गोठलेल्या समुद्राला भोक पाडायचं, त्यातून सीटीडी नावाचा मापक सोडायचा आणि खोलीनुसार पाण्याची क्षारता, तापमान मोजायचं, हे आमचं काम. एप्रिलमध्ये बर्फ मीटरभरही नव्हता. नुसत्या पात्यावर भागायचं, इंजिन दुसऱ्या ओढीला सुरू. तेव्हा मी परीक्षणात या गिरमिटाला पाचपैकी पाच गुण दिले होते. बॅटरीवालं घ्या म्हणणाऱ्यांना हसलोही होतो. गार पडू नयेत म्हणून पोटाशी धरून कोण नेणार त्या बॅटऱ्या?

पाचातले दोन परत घेतो. जुलैनंतर बर्फ मीटरच्या पुढे गेला, जोडनळी लागायला लागली आणि तिला पात्याशी जोडणारी ती पिन माझ्या आयुष्यात आली.

खाली जाताना पिन शहाणी असते. कोरडी, टक्‌ करून बसते. मग आरपार गेल्याचा हिसका बसतो आणि पाणी भसकन वर येऊन वरच्या काठापासून जेमतेम वीतभर खाली थांबतं, कारण बर्फाचा दहातला नऊ हिस्सा पाण्याखालीच असतो. हे पाणी उणे १.८ अंश, हवा उणे वीस. गिरमिट वर ओढलं की ओल्या जोडावर आधी साखरेच्या पाकासारखी चकाकी येते, बघता बघता ती पांढरी होते. पिन दबत नाही. जाड हातमोज्याने सापडत नाही, हातमोजा काढला तर बोट चिकटतं. शेवटी थर्मासमधला चहा ओतायचा. दर भोकाला अर्धा कप! कंपनीच्या माहितीपत्रकात हा खर्च धरलेला नाही.

त्या दिवशी पिनेच्या भोकात बर्फाचा कण राहिला होता. बसल्यासारखी दिसली, पण बसली नव्हती. वर ओढताना हाताला एकदम हलकं लागलं. नळी आली, पातं गेलं.

कंपनीचं उत्तर : हरवलेला भाग वॉरंटीत येत नाही. आता उन्हाळ्यात जहाज येईपर्यंत जाडी मोजायचं पाच सेंटिमीटरचं बारीक गिरमिट तेवढं उरलंय, त्याच्या भोकातून सीटीडी जात नाही. उरलेल्या पिनेला पायजम्याची नाडी बांधून ठेवलीय. नवं पातं त्याच कंपनीचं मागवलंय, या इंजिनाला दुसरं बसत नाही.