जुन्या पीसीसाठी स्वस्त लॅन कार्ड: टीपी-लिंक टीजी-३४६८, वापरून झाल्यावर सांगतोय

बाबांचा पीसी २०१० सालचा, जी४१ चिपसेटचा मदरबोर्ड, कोअर टू ड्युओ प्रोसेसर. मे महिन्यात वळवाच्या पावसात एक वीज कडाडली आणि त्या रात्रीपासून मागच्या लॅन पोर्टचा, म्हणजे नेटची केबल लावायच्या खाचेचा, लाईटच लागेना, बाकी सगळं ठणठणीत. घरात जो तो म्हणतोय नवीनच घ्या आता, पण सोसायटीचे सगळे हिशोब त्यावर, कीबोर्ड त्यांच्या हाताला बसलेला, आणि एक पोर्ट गेला म्हणून अख्खा कॉम्प्युटर भंगारात काढायचा हे मला काही पटेना.

पहिला घोळ माझ्याच घाईने झाला. एका दुकानात गेलो, त्याने बिनबॉक्सचं पीसीआय (जुन्या प्रकारच्या स्लॉटचं) लॅन कार्ड काढून दिलं, गिगाबिटच (१००० एमबीपीएसचं) आहे म्हणाला. घरी टॉर्च मारून चिपवरचे बारीक अक्षर वाचले तर आरटीएल ८१३९डी, म्हणजे १०/१०० वालं, जास्तीत जास्त १०० एमबीपीएसचं, गिगाबिट नाहीच ते. परत घेत नाही म्हणाला. तुमचा नेटचा प्लॅन ५० एमबीपीएसचा असेल तर तेवढंही पुरतं, पण आमचा १५० चा आहे आणि पैसे गिगाबिटचे घेतले, त्याचा राग आला. तेव्हा काउंटरवरच चिपचा नंबर वाचा, फोनवर फोटो काढून झूम केला की स्पष्ट दिसतो.

आणि जायच्या आधी कॅबिनेट उघडून स्लॉट बघून घ्या. लांब पांढरे असतात ते बहुतेक जुने पीसीआय आणि त्यांच्याजवळ बोटाच्या पेराएवढा छोटा दिसला तर तो पीसीआय एक्सप्रेस एक्स१. छोटा असेल तर डोळे झाकून त्याचंच कार्ड घ्या, कारण जुन्या पीसीआयची सगळी मिळून १३३ एमबी प्रति सेकंदाची वाट असते आणि त्यावरची सगळी कार्डं तीच वापरतात. एक्स१ ला पहिल्या पिढीतसुद्धा एका दिशेला २५० मिळतात.

मग पुण्याच्या तपकीर गल्लीतून एक्स१ स्लॉटचं टीजी-३४६८ आणलं, हजाराच्या आत, सीलबंद बॉक्स, बिल घेतलं. चिप रिअलटेकची ८१६८ घराण्यातली, त्यामुळे लिनक्स मिंट या ऑपरेटिंग सिस्टिमने काही न विचारता ओळखलं. विंडोज ७ वाल्यांनी मात्र ड्रायव्हर आधीच पेनड्राईव्हवर घेऊन ठेवा, नाहीतर नेट नाही म्हणून ड्रायव्हर नाही आणि ड्रायव्हर नाही म्हणून नेट नाही असं होतं (मोबाईल यूएसबीने जोडून टेदरिंग केलं, म्हणजे मोबाईलचं नेट पीसीला दिलं, तरी निभावतं). बसवताना पॉवर केबल काढा, अंगातली स्थिर वीज निघून जायला कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा, स्लॉटमधली धूळ ब्रशने झाडा आणि कार्ड दोन्ही टोकांना सारखं दाबा. आमचं पहिल्यांदा एका बाजूने अर्धा मिलीमीटर वर राहिलं होतं तर दिसतच नव्हतं. बायोसमध्ये (पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) बोर्डावरचा जुना ऑनबोर्ड लॅन डिसेबल करून टाका.

एवढं करूनही स्पीड ९४ एमबीपीएसच्या वर जाईना! कार्डावर संशय घेतला, उगाच. केबलचा प्लग उजेडात धरला तर आत चारच वायरी, केबल टाकणाऱ्याने आठपैकी चारच क्रिंप केलेल्या, म्हणजे प्लगमध्ये दाबून बसवलेल्या. १०० ला चार पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. कॅट ५ई ची आठ वायरीची केबल टाकली आणि लिंक १००० वर आली, टेस्टला पूर्ण दीडशे.

आता तीन महिने होत आले, रोज चार-पाच तास चालतंय, एकदाही लिंक तुटलेली नाही. यूएसबीवाला अडॅप्टर घ्यायचा विचार होता पण या पीसीला यूएसबी २.० च आहे, पूर्ण गिगाबिट मिळालंच नसतं. आणि हो, ढग गडगडायला लागले की बाबा आता स्वतः उठून केबल काढतात, तुम्हीही काढा, कार्ड कितीही चांगलं असलं तरी विजेपुढे टिकत नाही.