सेन्सरचं आउटपुट आधी बघा, कपलरची रेंज नंतर

नागपूरजवळच्या बुटीबोरी किंवा हिंगणा एमआयडीसीत टाकी एका टोकाला आणि पॅनल दुसऱ्या टोकाला असेल, तर रस्ता खोदून केबल टाकण्यापेक्षा वायरलेस सिग्नल कपलर (सेन्सरचा सिग्नल रेडिओने पॅनलपर्यंत पोचवणारं यंत्र) बहुतेकदा परवडतो. विक्रेता मात्र आधी रेंज सांगतो. आपण विचारायचं ते वेगळंच: सेन्सरमधून काय निघतं आणि त्याला सप्लाय कोण देणार?

सेन्सरच्या आउटपुटमध्ये ४-२० मिलिअँपिअर करंट आणि ०-१० व्होल्ट यांत निवड असेल तर माझं मत सरळ ४-२० ला. तार तुटली की करंट शून्यावर येतो, आणि टाकी रिकामी असतानाही ४ मिलिअँपिअर असतोच. त्यामुळे बिघाड लगेच कळतो. ०-१० मध्ये रिकामी टाकी आणि तुटलेली तार सारखीच दिसते, शिवाय मोटारीच्या केबलजवळून वायर गेली की रीडिंग नाचतं. सेन्सर कपलरच्या शेजारीच असेल तर ०-१० चालून जातं.

४-२० मध्येही एक मेख आहे. टू-वायर ट्रान्समीटरला (दोनच तारांच्या सेन्सरला) सिग्नलच्या त्याच लूपमधून सप्लाय लागतो, बहुधा २४ व्होल्ट. तो कपलर देतो का, हे डेटाशीटमध्ये बघा. देत नसेल तर वेगळा सप्लाय सिरीजमध्ये घ्यावा लागतो. फोर-वायर ट्रान्समीटर करंट स्वतःच ढकलतो, त्याला पॅसिव्ह, म्हणजे स्वतः सप्लाय न देणारं, इनपुटच हवं. बॅटरीवरचा कपलर सेन्सरला ठरावीक वेळाने जागा करून रीडिंग घेतो. टाकीच्या लेव्हलला ते पुरतं, पंपाच्या प्रेशर कंट्रोलला नाही.

प्रॉक्सिमिटी स्विचमध्ये (वस्तू जवळ आली की सिग्नल देणाऱ्या सेन्सरमध्ये) पीएनपी की एनपीएन, एवढाच प्रश्न. वायर अशा: तपकिरी प्लस, निळी मायनस, काळी सिग्नल. पीएनपी काळ्या वायरवर प्लस देतो, एनपीएन ती मायनसला ओढतो. कपलरच्या इनपुटशी जुळत नसेल तर मध्ये छोटा रिले टाका. फ्लोट स्विचसारखा ड्राय कॉन्टॅक्ट (स्वतः व्होल्टेज न देणारा नुसता स्विच) सगळ्यांत बिनत्रासाचा.

वॉटर मीटरच्या पल्सला (ठरावीक पाणी गेलं की येणाऱ्या एकेका ठोक्याला) मात्र साधं डिजिटल इनपुट घेऊ नका. रेडिओचं एखादं पॅकेट हरवलं की पल्स गेलीच. मोजणी कपलरमध्येच होऊन एकूण आकडा पुढे जायला हवा. एनर्जी मीटरला आरएस-४८५ मॉडबस (तारांच्या एका जोडीवरून आकडे पाठवायची डिजिटल पद्धत) असेल तर तोच वापरा, एका जोडीवर बरेच आकडे येतात.

रेडिओसाठी भारतात लायसन्सविना चालणारा ८६५-८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा घ्या. २.४ गिगाहर्ट्झही लायसन्समुक्त आहे, पण टिनाच्या शेड आणि भिंतींपुढे तो लवकर दमतो. परदेशी साइटवरचा ९१५ मेगाहर्ट्झचा स्वस्त माल इथे चालत नाही. आणि नागपूरचा मे महिना विसरू नका: बाहेर ४५ अंश असताना उन्हातल्या बंद डब्यात त्याहून बरंच जास्त होतं. ५० अंशांपर्यंतच चालणारा कपलर स्वस्त मिळाला तरी नको. ७० पर्यंतचा घ्या, डबा सावलीत लावा आणि अँटेना पत्र्याच्या बाहेर काढा.