सायकलची लाँग राईड असेल तर मुलुंड चेकनाक्याचे पोहे खाऊन निघा

मुलुंड चेकनाक्याच्या थोडं अलीकडे पहाटे साडेचारला एक पोह्यांची गाडी लागते. बोर्ड वगैरे काही नाही, मावशी आणि त्यांचा मुलगा दोघंच. गेली दोन वर्षं लोणावळ्याची राईड असली की मी इथेच खाऊन निघते, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहावं, कारण आमच्या ग्रुपमधले अर्धे लोक अजून उपाशीपोटी निघतात आणि मग पनवेलच्या पुढे त्यांचे पायच चालत नाहीत.

पोहे 25 रुपये प्लेट. मावशी पोहे चाळणीत धुवून निथळायला ठेवतात, कढईत टाकले की वर ताट झाकतात आणि त्या ताटावर थोडं पाणी ओततात, त्या वाफेवर पोहे इतके मऊ आणि मोकळे होतात ना! आणि मुख्य म्हणजे तेल कमी, खाऊन झाल्यावर कागदी डिशवर डागसुद्धा नसतो. हेल्मेट बघितलं की त्या स्वतःच विचारतात, "घाटात जायचंय ना? मग शेव नको घालू?"

खरंच नको. रात्रभर झोपेत लिव्हरमधला ग्लायकोजेनचा, म्हणजे साठवून ठेवलेल्या साखरेचा, साठा बराच उतरलेला असतो, तो भरायला पोह्यांसारखं पटकन पचणारं काहीतरी लागतं, तेलकट खाल्लं की ते पोटातच बसून राहतं. मी एकदा हायवेवरच्या एका हॉटेलात दोनदा तर्री घेऊन मिसळ खाल्ली आणि लगेच बोरघाट चढायला घेतला. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत साधारण 500 मीटरचा चढ आहे, शिंग्रोबाच्या देवळापर्यंत कशीबशी पोचले आणि सायकल टेकवून अर्धा तास पोट धरून बसले. तेव्हापासून जाताना मिसळ बंद म्हणजे बंद. मावशींची साबुदाणा खिचडी पण छान असते पण दाण्याचं कूट भरपूर, ती परत आल्यावर खा.

खाणं आणि निघणं यात निदान एक तास ठेवा, मी पावणेपाचला खाते, आम्ही सहाला निघतो. उठल्यापासून तोपर्यंत अर्धा लिटर पाणी थोडं थोडं करून, एकदम ढोसायचं नाही. एक कटिंग चालतो, कटिंगने कोणाचं पाणी कमी होत नाही.

मुलाकडे कोकम सरबत असतं, ते आगळापासून, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसापासून, करतात त्यामुळे मीठ त्यात आधीच असतं, मुंबईच्या घामाला हे फार बरं, मी एक बाटली त्याचीच भरून घेते. दुसरीत ओआरएस, पण एक गोष्ट लक्षात घ्या, एक लिटरच्या पाकिटात ग्लुकोज फक्त 13.5 ग्रॅम असतं, म्हणजे मीठपाण्याचं काम होतं, ताकदीचं नाही. दोन-तीन तासांच्या वरच्या राईडला तासाला 30 ते 60 ग्रॅम कार्ब्स पोटात जायला हवेत, त्यामुळे जर्सीच्या खिशात केळी आणि चिक्की ठेवाच, आणि भूक लागायची वाट न बघता पहिलं केळं तासाभरात खाऊन टाका.

बसायला जागा नाही, उभ्यानेच खावं लागतं. पाचनंतर गर्दी होते आणि पोहे गार मिळायची शक्यता असते, तेव्हा लवकर जा. सुट्टे पैसे ठेवा, सोमवारी गाडी नसते.