तारखेला गैरहजर की कोठडीतून फरार?

दोन्हींना आपण सर्रास ‘पळाला’ म्हणतो, पण कोर्टात फरक मोठा.

जामिनावरचा आरोपी तारखेला आला नाही, की आधी वॉरंट निघतं, बहुधा अजामीनपात्र. तो वकिलासह स्वतःहून हजर झाला, दवाखान्याचे कागद जोडून वॉरंट रद्द करण्याचा अर्ज दिला, तर बहुधा दंड भरून सुटतो. खरा फटका जामीनदाराला. त्याने लिहून दिलेलं हमीपत्र जप्त होऊन रक्कम का वसूल करू नये, अशी नोटीस त्याच्या दारात येते. कारणं नोंदवून रक्कम कमी करण्याचा अधिकार कोर्टाला आहे. जामीनदाराने ही सूट जरूर मागावी. आरोपीवर भारतीय न्याय संहितेच्या कलम 269 खाली वेगळा गुन्हाही होऊ शकतो, एक वर्षापर्यंत कैदेचा.

पोलिसांच्या तावडीतून पळाल्यास कलम 262: दोन वर्षांपर्यंत कैद, तीही मूळ गुन्ह्याच्या शिक्षेशिवाय. निष्काळजी पोलिसावरही कलम 261 लागू शकतं. गंमत नव्हे, पण 262 जामीनपात्र आहे आणि 269 अजामीनपात्र! तरी पळालेल्याला मूळ खटल्यात पुन्हा जामीन मिळणं फार अवघड.

तारीख चुकलीच असेल, तर पोलीस येण्याआधी कोर्टात जा.