मासुंते : हिवाळाभर राहिल्यानंतरचा अनुभव

मेक्सिकोच्या वाहाका राज्यात पॅसिफिक महासागराच्या काठी मासुंते नावाचे छोटे गाव आहे. टेक्सासमध्ये नोकरी करणाऱ्या आम्ही चार मराठी मित्रांनी तेथे हिवाळ्यापुरते घर भाड्याने घेतले आणि नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत कधी चौघे, कधी दोघेच, असे आलटूनपालटून राहिलो. विश्रांतीसाठी गाव उत्तम आहे, असे माझे मत झाले. मात्र ज्याला मनसोक्त पोहायचे आहे, त्याने येथे येण्याआधी विचार करावा.

कारण येथला समुद्र दिसतो तितका सालस नाही. गावाच्या पश्चिमेकडील रिंकोन्सितो हा कोपरा त्यातल्या त्यात शांत आहे आणि आम्ही पोहलो ते बहुतेक तेथेच. टेकडीपलीकडच्या मेर्मेहिता किनाऱ्यावर मात्र लाट पायाखालची वाळू ओढून नेते; तेथे सूर्यास्त पाहावा, पाण्यात उतरू नये. काही किलोमीटरवरचे सिपोलिते आत ओढणाऱ्या प्रवाहांसाठी कुप्रसिद्ध आहे. (तो विवस्त्र स्नानाला मुभा असलेला किनारा असल्याने एका मित्राच्या आईवडिलांना आम्ही तेथे नेले नाही.)

पोहणे बेतात ठेवावे लागल्यामुळे दिवसात भरपूर वेळ उरतो आणि मित्रांबरोबर तो कसा जातो, हाच या मुक्कामाचा खरा कस आहे. पहिले काही दिवस आम्ही रोज काहीतरी ‘पाहायला’ निघत होतो. पुढे ते आपोआप थांबले. सकाळी काम, दुपारी झोपाळ्यात वाचन किंवा पत्ते, आणि उन्हे उतरल्यावर पुंता कोमेता या भूशिरापर्यंत पायवाटेने चालत जाणे, असा क्रम बसला. या सुळक्यावरून हिवाळ्यात कधी कधी दूरवर देवमाशांच्या श्वासाचे फवारे दिसतात. ते दिसावेत म्हणून चौघे जण तासभर न बोलता बसलो होतो, हे आमच्या घरच्यांना अजून खरे वाटत नाही.

जेवणाच्या बाबतीत शाकाहारी मंडळींनी सावध असावे. त्लायुदा म्हणजे मक्याची मोठी, निखाऱ्यावर कडक केलेली भाकरी. तिच्यावर घेवड्याचे वाटण आणि दोऱ्यासारखे सुटणारे स्थानिक चीज पसरतात. परंतु त्याआधी तिला बहुधा डुकराची चरबी फासली जाते. ‘सिन आसिएन्तो’, म्हणजे चरबीशिवाय, असे आधीच सांगितले की काम होते. तरीही घेवड्यात चरबी आहे का, हे वेगळे विचारावे लागते. लाल अंबाडीच्या फुलांचे थंडगार सरबत मात्र निर्धास्तपणे प्यावे.

गावाचा इतिहास आम्हाला उशिरा कळला. 1990 साली मेक्सिको सरकारने समुद्री कासवांच्या शिकारीवर बंदी घातली. तोवर या पट्ट्यातील अनेकांचे पोट त्याच धंद्यावर होते आणि शेजारच्या सान आगुस्तिनियोत कासवांचा कत्तलखाना चालत असे. आज मासुंतेत कासवांचे संशोधन केंद्र आहे, नैसर्गिक सौंदर्यप्रसाधने बनवणारी सहकारी संस्था आहे, आणि जवळच्या वेंतानिया येथे गावकरीच वल्ह्यांच्या होडीतून खारफुटी व मगरी दाखवतात. येथून फार दूर नसलेल्या एस्कोबिया किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे हजारोंच्या संख्येने अंडी घालायला येतात. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे जपले जाणारे कासव याच जातीचे असल्याने आमच्यातील कोकणी मित्राला या केंद्रातून बाहेर काढणे कठीण झाले.

आता गैरसोयींविषयी. घरमालकाने ‘वेगवान इंटरनेट’ म्हटले होते; प्रत्यक्षात वीज गेली की तेही जाई, आणि वीज वरचेवर जाई. पिण्याचे पाणी वीस लिटरच्या जारमधून विकत घ्यावे लागते. ताडाच्या झावळ्यांनी शाकारलेल्या छपरातून किड्यांनी पोखरलेला भुसा सतत गळतो, त्यामुळे लॅपटॉप झाकून ठेवावा आणि विंचवांसाठी चपला झटकून घालाव्यात. रोख पेसो जवळ हवेतच, कारण अनेक ठिकाणी कार्ड चालत नाही. गावागावांत फिरायला कामिओनेता असते : छोट्या ट्रकच्या हौद्यात बाके आणि वर ताडपत्री, थोडक्यात आपले वडापच. भारतातील वेळ साडेअकरा तासांनी पुढे असल्याने घरी फोन करायला सकाळ सोयीची.

वैध अमेरिकी व्हिसा असलेल्या भारतीयांना पर्यटनासाठी मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. वातुल्को आणि पुएर्तो एस्कोंदिदो हे दोन विमानतळ जवळ पडतात. वाहाका शहरातून येणाऱ्यांसाठी फेब्रुवारी 2024 मध्ये पुएर्तो एस्कोंदिदोकडचा नवा महामार्ग खुला झाल्याने पूर्वीचा सहा तासांहून अधिकचा घाटाचा प्रवास सुमारे तीन तासांवर आला आहे. कोरडा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल. मेअखेरीस मात्र मुक्काम धरू नये : 2022 साली अगाथा हे चक्रीवादळ 30 मे रोजी याच किनाऱ्यावर, पुएर्तो आंखेलजवळ, धडकले होते.