‘हात न लावलेली’ डी-१३० ची जोडी

जेबीएल किंवा टॅनॉय कंपनीचे जुने स्पीकर घ्यायच्या विचारात असाल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. इंदूरच्या एका जुन्या सामानवाल्याकडून मी जेबीएल डी-१३० ची जोडी घेतली. “भिया, कंपनीचाच कोन आहे, कुणी हात लावलेला नाही,” असं तो छातीवर हात ठेवून म्हणाला आणि भावही तसाच लावला. दोन्ही स्पीकर रिकोन केलेले, म्हणजे आवाज काढणारा कागदी कोन आणि त्याला जोडलेली तारेची कॉइल बदललेले निघाले, तेही डीजेच्या स्पीकरचं सामान घालून.

रिकोन करण्यात गैर काही नाही. कॉइल जळली की बदलावीच लागते. संताप येतो तो लपवण्याचा. चुंबक आणि बास्केट, म्हणजे धातूचा सांगाडा, दणकट असतात, वर्षानुवर्षं टिकतात. आवाजाचा स्वभाव ठरतो तो हलणाऱ्या भागांवर, आणि नेमके तेच बदललेले.

कोन दोन ठिकाणी धरलेला असतो: बाहेर सराउंड म्हणजे लवचीक कड, आत कॉइलच्या गळ्याशी पन्हळी कापडाचा स्पायडर. चुंबकाच्या अरुंद फटीत कॉइल मधोमध ठेवणं आणि ढकललेला कोन जागेवर आणणं हे मुख्यतः स्पायडरचं काम. सराउंड त्याला साथ देतो, शिवाय कोनच्या काठापर्यंत आलेली कंपनं जिरवतो. डीजेचा स्पायडर ताठ असतो. तो बसवला की रेझोनन्स (कोन ज्या वारंवारितेला आपसूक थरथरतो ती) वर सरकतो आणि खर्ज आटतो. कोन-कॉइल जड झाली, तर तेवढ्याच वॉटला आवाजही कमी. घरी तबला लावला तेव्हाच मनात पाल चुकचुकली. डग्ग्यावरची थाप ऐकू येत होती, घुमारा नव्हता.

जेल रोडजवळच्या एका जाणत्या मिस्त्रीकाकांकडे जोडी नेली. “अहो, ही कड बघा,” म्हणत त्यांनी नख फिरवलं. जुन्या डी-१३० ची कड कोनच्याच कागदात पन्हळी दाबून केलेली असते, सांधा नसतो. इथे कापडी कड वेगळी चिकटवलेली, तिच्याखाली गोंदाची पिवळट रेघ आणि एका जागी सुकलेला ओघळ. मूळ डस्ट कॅप, म्हणजे कोनच्या मधली टोपी, ४ इंची, ॲल्युमिनियमची. ही चंदेरी रंग फासलेल्या कागदाची. टिचकी मारली की आवाजातच फरक कळतो.

मग काकांनी दीड व्होल्टचा सेल लावला. जुन्या जेबीएलमध्ये लाल टर्मिनलला सेलचं धन टोक जोडलं की कोन आत जातो, इतर बहुतेक कंपन्यांच्या उलट. माझा एक आत गेला, दुसरा बाहेर आला! म्हणजे जोडीने लावल्यावर दोघं एकमेकांचा खर्ज खात होते. मीटरवर एकाच्या कॉइलचा रोध ५.६ ओम, दुसऱ्याचा ६.८. जोडीतले आकडे इतके लांब नसतात.

टॅनॉयच्या १९७४ पासूनच्या एचपीडी मालिकेचं वेगळं आहे. तिथे कड फोमची असते आणि जुन्या फोमचा चुरा होतोच, त्यामुळे फोम नवा असला तर बिचकू नका. पण कोनच्या मागच्या बाजूला चिकटवलेल्या ताठ पट्ट्या दिसल्या नाहीत, तर कोन बदललाय हे नक्की.

विक्रेत्याने “विकलेला माल परत होत नाही” एवढंच सांगितलं. पावतीवर फक्त ‘जुने स्पीकर, २ नग’ असल्यामुळे पुढे बोलायला जागाच उरली नाही. तुम्ही पावतीवर दोन्ही सिरियल नंबर आणि ‘कोन-कॉइल मूळची’ हे शब्द लिहून घ्या. बाहेरगावाहून मागवणार असाल, तर सेल लावतानाचा आणि मीटरचा व्हिडिओ आधी मागवा, आणि तो आल्याशिवाय बयाणाही देऊ नका.